“दाबू का?” विचारणाऱ्यांची रांग

सुरुवातीलाच माफी मागतो. लेख लिहावा एवढा मी कुणी नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चार ओळी लिहिल्या की वाटतं, आता कुणीतरी लाल पेन घेऊन यावं आणि कुठं चुकलं ते सांगावं. ललित लेख म्हणजे नेमकं काय, हेसुद्धा मी ग्रंथालयातल्या बाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, “जे आठवतंय ते खरं लिहा आणि फार सजवू नका.” सजवायला मला येतच नाही, म्हणजे ते जमेल. खरं लिहिण्याचं काय होतं ते बघू.

फाल्गुन निम्म्यावर आला की सोलापुरात सकाळीच दुपार होते. कडुलिंबाची पानं झडून रस्त्याकडेला पिवळा थर साचतो. रसवंतीचे घुंगरू वाजायला लागतात. मुली पांढरे सनकोट घालून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाड्यांवरून जातात, तेव्हा रोज शेजारी बसणारी मुलगीसुद्धा ओळखू येत नाही. आमच्या गावाकडे, सांगोल्याच्या बाजूला, याच दिवसांत ज्वारीची काढणी चालू असते आणि कॉलेजात प्रॅक्टिकलचे दिवस असतात. दोन्हीकडे माणसं घाईत असतात आणि दोन्हीकडे माझा उपयोग थोडाच असतो.

यंदा हे दिवस आले तेव्हा मी एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घेऊन आमच्या जुन्या कॉम्प्युटर लॅबच्या दारात उभा होतो. विषय सरांनी दिलेला. कॉलेजातली मुलं आणि मुली संगणक कसा स्वीकारतात, आणि त्यांच्या स्वीकारण्यात काही फरक असतो का. सरांनी विचारलं, “जमेल ना?” मी हो म्हणालो. सरांना मला दुसरं काही म्हणता येत नाही.

लॅबबाहेर चपलांची गर्दी होती. आत धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढायची पद्धत तेव्हाही होती आणि अजूनही आहे. मुलांच्या चपला जिथं पाय थांबला तिथं, एक इकडं एक तिकडं, काही उताण्या. मुलींच्या भिंतीला लागून, जोडीनं, रांगेत. कुणी त्यांना तसं सांगितलेलं नसतं. मी माझी चप्पल मधल्या जागेत काढली. पाय आत टाकला तर ती गार फरशी तळव्याला लागली. हातातला प्रश्नावल्यांचा गठ्ठा तसाच राहिला, आणि मी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षात जाऊन उभा राहिलो.

तेव्हा आमच्या वर्गाला मशिनं पुरायची नाहीत. एका मशिनवर दोघं. हजेरीपटावर आधी सगळी मुलं आणि मग सगळ्या मुली, अशी आमच्याकडची रीत. त्या क्रमानं जोड्या लावत लॅबच्या मॅडम यादीत खाली आल्या आणि मुलांत एक जण उरला. तो मी, वाघमोडे, मुलांतला शेवटचा. मुलींतली पहिली होती अंबिका अंकम. मॅडमनी आमच्या दोघांकडे पाहिलं, हजेरीपटाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “तुम्ही कोपऱ्यातल्या मशिनवर बसा. आणि काम करा.” मुलांची रांग जिथं संपायची आणि मुलींची जिथं सुरू व्हायची, तिथं ते मशिन होतं. त्या एका मोसमापुरता मी धड इकडचा नव्हतो, धड तिकडचा नव्हतो. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं होतं.

कारण लॅबमध्ये दोन तऱ्हेची माणसं असायची. एक जण आधी दाबायचा आणि मग विचारायचा, हे काय झालं. त्याचं मशिन अडकलं की तो बंद करून परत चालू करायचा, आणि तेही अडकलं की शेजारच्याच्या मशिनवर जाऊन बसायचा. दुसऱ्या तऱ्हेच्या माणसाचा हात वर असायचा. “मॅडम, एंटर दाबू का?” “मॅडम, इथं सेव्ह आलंय, दाबू का?” पहिल्या तऱ्हेत बहुतेक मुलं होती आणि दुसऱ्या तऱ्हेत बहुतेक मुली. पोरांनी मुलींच्या रांगेचं नावच “दाबू का लाइन” पाडलं होतं.

आणि मी त्या लाइनीतला होतो. मला स्क्रीनवर कुठलाही नवा चौकोन उघडलेला दिसला की मी माऊसवरचा हात काढून वर करायचो. पोरं म्हणायची, “आडनाव वाघमोडे आन् उंदराला भितंय.” हा विनोद त्यांनी वर्षभर पुरवून पुरवून वापरला.

लॅबमध्ये एक मामा होते. प्रत्येक कॉलेजात असतात तसे, शिपाई म्हणून लागलेले आणि सगळ्यांचे मामा झालेले. मशिन पुसायचं, बटणं चालू करायची, चपलांवर लक्ष ठेवायचं, ही त्यांची कामं. एकदा मी माऊस इतका गच्च आवळून धरला होता की ते मागून म्हणाले, “वाघमोडे, हळू की रं. म्हशीची धार काढायलास व्हय?”

सगळी लॅब हसली. अंबिकाही हसली आणि म्हणाली, “मामा, म्हैस तरी ओळखीची असते त्याच्या.”

मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हिच्याशी बोलता येईल.

आता हे सगळं आठवत मी लॅबमध्ये पोरापोरींना प्रश्नावल्या वाटत होतो. हल्लीच्या पोरांचे हात फोनवर असे फिरतात की बघत राहावं. पण कीबोर्डसमोर बसवलं की तीच बोटं एकेक अक्षर शोधत हिंडतात. मुलांना फोन बारावीत मिळालेला असतो, नवा. मुलींना बापाचा जुना, काच तडकलेला, तोही कॉलेज लागल्यावर. हे माझ्या प्रश्नावलीत नव्हतं. हे मी नुसतं पाहिलं.

प्रश्न सोपे होते. मला संगणक वापरता येतो: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. मुलं खुणा करत सुटली. मुली शेजारणीकडं बघत, पेनाचं टोपण चावत बसल्या. कुणाला तोंडी विचारलं तर मुलगा म्हणायचा, “येतंय की.” मुलगी म्हणायची, “थोडं थोडं.” मग मी त्यांना मशिनवर काम करताना पाहत उभा राहायचो आणि घोटाळ्यात पडायचो. ज्याला येत होतं त्याचं अडलेलं असायचं. जिला थोडं थोडं येत होतं तिचं संपत आलेलं असायचं. सगळ्यांचंच असं होतं असं मी म्हणणार नाही. एक मुलगा खरोखर हुशार होता आणि एक मुलगी तास संपेपर्यंत नुसती बसून होती. पण प्रश्नावलीचा कागद एक सांगत होता आणि लॅब दुसरं.

पहिल्या वर्षाची एक मुलगी, लावण्या नावाची, सगळ्यांच्या शेवटी उरली. तिनं सगळं भरलं होतं, एक प्रश्न सोडून. संगणक वापरताना मला भीती वाटते, हा तो प्रश्न. ती कागद घेऊन माझ्याकडं आली.

“सर, ही कुठली भीती?”

मला कुणी सर म्हणालं की मी मागं बघतो. मी म्हणालो, “म्हणजे?”

“म्हणजे बिघडायची भीती, का ओरडा बसायची?”

ती म्हणाली, “दोन्ही वेगळं आहे की. मशिनची मला भीती नाही वाटत.”

मी तिला उद्या सांगतो म्हणालो आणि दुपारी सरांना जाऊन विचारलं. सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “प्रश्न तिचा बरोबर आहे. पण तू तो विचारलेलाच नाहीस.” मग चष्मा घालून दुसऱ्या कामाला लागले. सर चांगले आहेत. पण माझा तो दिवस त्यात गेला, कारण ही गोष्ट मला आधीच कुणीतरी सांगितली होती आणि मी ती प्रकल्पात घ्यायची विसरलो होतो.

अंबिका शहराच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू बोलायचे, बाहेर मराठी. वडिलांना ती नान्ना म्हणायची. ते टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. आई घरी विड्या वळायची. अंबिका म्हणायची, आमच्या गल्लीत मागाची खटखट थांबली की झोपलेली माणसं जागी होतात. मी तिच्या गल्लीत कधी गेलो नाही. पण तिच्या बोलण्यातून मला ती गल्ली ऐकू यायची.

एकदा प्रॅक्टिकलच्या आधी ती पिशवीतून एक पुठ्ठा काढून बसली. टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा, बरोबर कीबोर्डच्या मापाचा कापलेला. त्यावर तिनं स्केचपेननं सगळ्या कळा आखल्या होत्या. एंटर लाल रंगानं. ती त्या पुठ्ठ्यावर टाइप करत होती. दहाही बोटं, खाली न बघता. तोंडानं हळूच शब्द म्हणत होती आणि बोटं पुठ्ठ्यावर टपटप पडत होती. मी तसं टाइप करणारं आमच्या वर्गात कुणी पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, “घरी ह्याच्यावर करतेस?”

“मग कशावर करू? आईचं काम चाललेलं असतं, तिच्याशेजारी बसून करते.”

“मग इथं मशिनवर एवढी हळू का करतेस?”

तिनं पुठ्ठा परत पिशवीत घातला. म्हणाली, “पुठ्ठ्यावर चुकलं तर कुणी ओरडत नाही की.”

मागच्या पोरांनी तो पुठ्ठा पाहिला होता. दोन दिवस “अंकम, तुझा लॅपटॉप चार्ज केला का?” असं चाललं. ती म्हणाली, “केलाय. तुमच्यासारखा अडकत नाही तो.” त्यानंतर ते बंद झालं.

आमच्या वर्गाचा व्हॉट्सॲपवर ग्रुप होता. त्या ग्रुपवर मुली फार थोड्या होत्या. मुलींच्या जागी त्यांचे बाप आणि भाऊ होते. अंबिकाचा नंबर म्हणजे तिचा भाऊ श्रीनिवास. गाडीवर बसून, गॉगल घालून काढलेला त्याचा फोटो. मॅडम लिहायच्या, “अंबिका, तुझं जर्नल अपूर्ण आहे,” आणि गॉगलवाला उत्तर द्यायचा, “ओके मॅम. आय टेल.” एकीच्या नावावर पांढऱ्या मिशीचे आजोबा होते, त्यांना सगळा वर्ग रोज सकाळी गुड मॉर्निंग करायचा आणि ते प्रत्येकाला वेगळा आशीर्वाद पाठवायचे. तेव्हा आम्ही हसायचो. मुलगी वर्गात आमच्याशेजारी बसलेली आणि ग्रुपवर मात्र तिचं कुणीतरी दुसरंच बोलतंय, यात काही अडचण आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मग पुण्याची एक कंपनी आली. म्हणजे कंपनी आली नाही, तिचा एक माणूस आला आणि बाकी कंपनी स्क्रीनवर आली. तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींची ऑनलाइन परीक्षा घेणार, ज्यांचा नंबर लागेल त्यांना पुण्यात शिकवणार आणि कामावर घेणार. मॅडमनी वर्गात सांगितलं तेव्हा अंबिकानं ते सगळं वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मशिनसमोर बसल्यावर म्हणाली, “नान्नांनी सरळ सांगितलंय. नंबर लागला तर मी स्वतः सोडून येतो. नाही लागला तर काकाच्या कारखान्यात पॅकिंगला माणूस पाहिजेच आहे.”

“मग?”

“मग काय. नंबर लागला पाहिजे.”

त्यानंतर पुढचे सगळे दिवस तिनं प्रॅक्टिकलला मला माऊस दिला नाही. मी जर्नल वाचून दाखवायचो आणि ती करायची. दाबू का, हे ती आता मॅडमना न विचारता मला विचारायची. मला काही कळत नसायचं, तरी मी दाब म्हणायचो. ते दाबणं बहुतेक बरोबर निघायचं. मला तेव्हा उगाच वाटायचं की माझं बरोबर येतंय.

परीक्षेच्या दिवशी ऊन फार होतं. लॅबचा एसी खडखड करत होता. आमच्या तुकड्या पाडून प्रत्येकाला वेगळं मशिन दिलं. ती कोपऱ्यातल्या आमच्या मशिनवर, मी बोळाच्या पलीकडं. सुरू झाल्यावर मी माझ्याच प्रश्नांत बुडालो. आकड्यांचे प्रश्न बरे गेले, इंग्रजीचे अंदाजानं. मध्ये कधीतरी तिच्या कळांचा आवाज ऐकला. तो पुठ्ठ्यावरचा वेग होता. मला बरं वाटलं.

शेवटी शेवटी मी मान वर केली तर तिचा हात वर होता.

तिचा पेपर झालेला होता. पेपर पाठवायचं बटण तिनं दाबलं होतं आणि त्यावर एक चौकोन उघडला होता. इंग्रजीत विचारत होता, तुमची खात्री आहे का? एकदा दिल्यावर बदल करता येणार नाही. खाली दोन बटणं, हो आणि नाही. हे तिनं नंतर सांगितलं. तसाच चौकोन थोड्या वेळानं माझ्यासमोर उघडला आणि माझाही हात आपोआप वर गेला. कंपनीचा माणूस बाहेर व्हरांड्यात फोनवर बोलत होता, पाठमोरा. मॅडमना कार्यालयात बोलावलं होतं. मामा पाण्याचा जार आणायला गेले होते. बोलायला बंदी होती. सगळ्या लॅबमध्ये दोनच हात वर, तिचा आणि माझा, आणि बघणारं कुणी नाही.

माझ्या शेजारच्या पोरानं माझी दया येऊन हात लांब करून माझं हो दाबून टाकलं. तिच्या शेजारचं मशिन रिकामं होतं.

वेळ संपली. तिची स्क्रीन पांढरी झाली आणि मधोमध कंपनीचं नाव तेवढं राहिलं.

मी पुष्कळदा त्या चौकोनाचा विचार करतो. खात्री आहे का, असं तो सगळ्यांनाच विचारत होता. पोरांनी तो प्रश्न वाचलाच नसणार. चौकोन आला, हो दाबलं, गेले. तिनं तो वाचला. आमच्यापैकी दुसऱ्या कुणी तो नीट वाचला असेल असं मला वाटत नाही. वाचला, आणि तिला वाटलं की एवढी मोठी गोष्ट आहे तर कुणालातरी विचारून करावी. घरी, शाळेत, लॅबमध्ये, सगळीकडं तिला हेच तर शिकवलं होतं. त्या दिवशी फक्त विचारायला कुणी नव्हतं.

बाहेर आल्यावर आम्ही चपला शोधत होतो. ती म्हणाली, “वाघमोडे, गेला असेल का रे पेपर?”

“गेला असेल की.”

“कुठं?”

मी आत जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडमनी कंपनीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, “सिस्टिममध्ये असेल तर दिसेल.” मॅडमनी मेल पाठवला. पुन्हा पाठवला. मामा पाण्याचा जार ठेवून जवळ आले आणि सगळं ऐकून म्हणाले, “मी हितंच असतो रोज. आजच कसं पाणी संपलं.” त्यांनी त्या दिवशी कुणाच्याच चपलांवरून कुणाला टोकलं नाही.

निकालाचे मेल आले. दोघा-तिघांचा नंबर लागला. मला नकार आला, नम्र इंग्रजीत. अंबिकाला नकारसुद्धा आला नाही. मॅडम ग्रुपवर विचारायच्या, “अंबिका, काही कळलं का?” आणि गॉगलवाला लिहायचा, “नो मॅम. नॉट कम.” हे बरेच दिवस चाललं. परीक्षा झाल्या, कडुलिंबाला मोहर येऊन गेला, मी गावी गेलो. तिथं आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेळ्या आणि दुसऱ्याची डाळिंबाची बाग राखायची, एवढंच काम. मी फोन वर धरून रेंज शोधत बांधावरनं फिरायचो.

आई म्हणाली, “कुणाचा निकाल बघतुयास सारखा?”

“वर्गातल्या एकाचा.”

“एकाचा का एकीचा, नीट सांग की.”

मग मी तिला सांगितलं. मशिन, परीक्षा, तो चौकोन, वर केलेला हात. आई ज्वारी निवडत होती. तिचा हात सुपात थांबला. म्हणाली, “इचारलं म्हणून गेलं व्हय त्या पोरीचं?”

आमच्या विहिरीवर मोटार आहे. तिच्या पाण्यावर आईनं आयुष्यभर दारं धरली. कुठल्या सरीत किती पाणी जातं हे तिला डोळे मिटून कळतं. पण स्टार्टरचं हिरवं बटण आबाच दाबायचे. लाईट आली की आई बांधावरनं हाक मारायची आणि आबा येईपर्यंत उभी राहायची. मीही त्या बटणाला कधी हात लावला नाही. मोटार जळली तर परत कोण बांधून देणार, हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा म्हटलं गेलं होतं की आमच्या बोटांनाच ते पाठ झालं होतं. आता आबांनी मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवलाय. ते पारावर बसून फोन लावतात आणि मोटार सुरू होते. आई मात्र अजून आधी विचारते. फरक इतकाच, की आता फोनवर विचारते.

मुलगा असूनही मी त्या रांगेत का होतो, याचं उत्तर मला बहुतेक इथंच मिळतं. जिथं बिघडलेली गोष्ट सहज दुरुस्त होते तिथली माणसं दाबून बघतात. जिथं ती होत नाही, तिथली विचारतात. आणि एकाच घरात हे दोन्ही असेल, तर विचारायचं काम बायकांकडं येतं. हे मी प्रकल्पात लिहू शकत नाही, कारण माझ्याकडं त्याला पुरावा नाही. इथं लिहिलं तर चालेल असं वाटतं.

पुढं श्रीनिवासचा नंबर बदलला आणि तो ग्रुपमधून गेला. त्याच्याबरोबर अंबिकाही गेली, कारण तिचा स्वतःचा नंबर कधी नव्हताच. तिच्या घरी जाऊन विचारावं असं किती वेळा वाटलं. पण एका मुलानं त्या गल्लीत जाऊन अंबिका आहे का विचारणं, याचा त्रास मला झाला नसता, तिला झाला असता. वर्गातलं कुणी म्हणायचं तिचं लग्न झालं, कुणी म्हणायचं काकाच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. एकदा बाजारात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेल्या टॉवेलांचा ढीग पाहिला आणि मी उगाच घड्या बघत उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, “घ्यायचाय का बघायचाय?” मी एक घेतला.

तर यंदाच्या फाल्गुनात, दुसऱ्या दिवशी, लावण्या तो एक प्रश्न रिकामा ठेवलेला कागद घेऊन परत आली. मी तिला सांगितलं की दोन्हीपैकी जी भीती वाटत असेल ती बाजूला लिहा, मी सरांना विचारलंय. तिनं पेन उघडलं आणि लिहायच्या आधी म्हणाली, “आमच्या गल्लीतली एक अक्का म्हणते, मशिन बिघडलं तर तो मशिनचा दोष. आपण कशाला घाबरायचं.”

मी विचारलं, “कोण अक्का?”

“अंबिकाअक्का. याच कॉलेजची होती.”

मी हातातले कागद टेबलावर ठेवले. ती कुठं असते, असं विचारायचं होतं; तोंडातून निघालं, “तिचा पेपर गेला होता का?”

लावण्याला हे माहीत होतं. गल्लीत सगळ्यांना माहीत असणार. म्हणाली, “नाही ना. पोचलाच नव्हता. कंपनीनं शेवटपर्यंत काही कळवलं नाही. मग ती पॅकिंगला जायला लागली, बरेच दिवस. घरात कुणाला न सांगता दुसऱ्या कंपनीची परीक्षा दिली. त्यात पण नंबर नाही लागला. मग परत दिली.”

“मग?”

“मग लागला की नंबर. त्या वेळी म्हणे वेळ शिल्लक असतानाच पाठवून बाहेर येऊन बसली. तिचे नान्ना स्वतः गेले पुण्याला सोडायला. येताना एकटेच होते म्हणून गाडीत रडले, असं तिचा भाऊ, श्रीनूअण्णा, सगळ्यांना सांगतो.”

मी विचारलं, ती तिथं काय करते. लावण्यानं पेन कागदावर ठेवलं. तिला हे सांगायला आवडतं, हे दिसत होतं.

“लोकं ॲप बनवतात ना, ते बाहेर द्यायच्या आधी अक्काकडं देतात. मग ती काहीबाही दाबत बसते. उलटं, सुलटं, दोनदा, मधेच. कुठं काय दाबलं की बंद पडतंय ते शोधून काढायचं. दिवसभर तेच. आमची आई म्हणते, बिघडवायचा पगार मिळतो हिला.”

“आणि बिघडलं की? ओरडत नाहीत?”

“ओरडतात की,” लावण्या म्हणाली. “ज्यानं बनवलं, त्याला.”